हुतात्मा चौकातला फोटो

चि. चिऊ,
अनेक आशीर्वाद.

काल मी आवाज चढवला आणि तू फोन ठेवलास, म्हणून लिहायला बसलो. शनिवारच्या मोर्चाला जाऊ नकोस असं म्हणत नाही. ते तू ठरव. फक्त पुढच्या रांगेत उभी राहू नकोस.

तुझा हुतात्मा चौकातला फोटो आईने तीनदा मोठा करून पाहिला. मशाल धरलेले शेतकरी-कामगारांचे पुतळे, आणि त्यांच्यापुढे तू, मान थेट आबांसारखी. आबा त्या जागेला शेवटपर्यंत फाउंटनच म्हणायचे. २१ नोव्हेंबर १९५५ला ते तिथे होते. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्रासाठी गिरण्या सोडून विधानसभेवर निघालेल्या कामगारांना पोलिसांनी तिथेच अडवलं. लाठ्या चालल्या, अश्रुधूर सुटला, मग गोळ्या. आबा बोलायचे ते रस्त्यावर पडलेल्या चपलांबद्दल. लालबागपर्यंत अनवाणी चालत आले. आजीने दार उघडलं आणि आधी त्यांच्या पायांकडे पाहिलं. काका तेव्हा पोटात होता.

१ मे १९६०ला मुंबईसह महाराष्ट्र झाला. आम्ही शाळेत १०५ हुतात्मे म्हणायचो. पुढे १०६ झाले, मग १०७. आकडा कसा वाढतो हे मला तेव्हा कळायचं नाही. आता वाटतं, कुणाच्या तरी घरचा माणूस इतकी वर्षं मोजायचाच राहिला होता. असल्या आकड्यात आपलं माणूस नको गं.

बघ, लिहायचं नाही ठरवलेलं लिहून गेलो. माफ कर. आता मोर्चे आझाद मैदानातच थांबवतात, काळ वेगळा आहे, हे मला कळतं. तरी बाहेर पडायच्या वाटेजवळ थांब. पाण्याची बाटली ठेव. धावपळ झाली तर वस्तू उचलायला वाकू नकोस. आणि चपला नको, बूट घाल.

सकाळी फिरायला गेलो तेव्हा सगळ्यांना तुझा फोटो दाखवला. ‘आबांची नात’ म्हणून सांगितलं. छाती भरून आली होती. रात्री मात्र दोनदा उठून पाणी प्यालो.

शनिवारी मैदानातून निघालीस की फोन कर. बोलायचं नसेल तर नुसती रिंग दे, मी समजेन.

तुझा,
बाबा

ता. क. ते जुने बूट नको, त्यांचा तळ सुटलाय. आई पैसे पाठवतेय. आणि पुढे उभी राहू नकोस.