ठाण्याच्या बाईंना

आदरणीय बाई,
सा. न. वि. वि.

हे पत्र मुद्दाम सगळ्यांसमोर लिहितेय. माझ्या वर्गात तुम्ही जे करून गेलात ते आणखी चार शिक्षकांच्या वाचनात यावं, एवढीच इच्छा आहे. तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. मुलं तुम्हाला ‘ठाण्याच्या बाई’ म्हणायची, तेवढं पुरे.

२०२३च्या जूनमध्ये तुम्ही पहिल्यांदा कोपरखैरण्याला आलात तेव्हा माझ्याकडे पाचवी होती, पट ४२. त्यातली ९ मुलं मी शिष्यवृत्तीच्या बॅचसाठी काढली होती. शाळा सुटल्यावर ती थांबायची. कोडी, आकृत्या, डोकं खाजवायला लावणारे प्रश्न, सगळं त्यांच्यासाठी. उरलेल्या ३३ जणांना पाठ्यपुस्तक, स्वाध्याय आणि ‘वही पूर्ण कर’. तुम्ही दोन दिवस शेवटच्या बाकावर बसलात आणि मधल्या सुट्टीत विचारलंत, “ही चांगली कामं या नऊ जणांनाच का गं?”

वेळ पुरत नाही, पोर्शन मागे पडतो, बाकीच्यांना झेपणार नाही, हे सगळं मी बोलून घेतलं. तुम्ही शांतपणे ऐकलंत. मग अमेरिकेतल्या कनेक्टिकट विद्यापीठाच्या जोसेफ रेन्झुलींबद्दल सांगितलंत. असामान्य काम नुसत्या बुद्धीतून होत नाही. सरासरीहून बरी क्षमता, कल्पकता आणि हातातल्या कामाला चिकटून राहणं, हे तिन्ही एकत्र यावं लागतं, असं त्यांनी १९७८ साली मांडलं. परीक्षेच्या गुणांत या तिन्हींतलं जेमतेम एक दिसतं. म्हणून आधी मुलं निवडून मग काम द्यायचं नाही. काम सगळ्यांपुढे ठेवायचं आणि कोण कुठे रमतंय ते बघायचं.

दुसऱ्या दिवशी खडू तुमच्या हातात होता. फळ्यावर एकच प्रश्न: ‘एका ट्रकमध्ये कांद्याच्या किती गोण्या मावतील?’

वर्ग गप्प. मी लगेच मदतीला धावणार, तर तुम्ही हाताने थांबवलंत आणि कंबरेजवळ एकेक बोट उघडत मोजत राहिलात. प्रश्न विचारून शिक्षक जेमतेम सेकंदभर थांबतात, तीन सेकंद थांबलं तर जास्त मुलं बोलतात आणि उत्तरंही लांबतात, हे अमेरिकेतल्या शिक्षणसंशोधक मेरी बड रो यांचं निरीक्षण तुम्ही मला नंतर सांगितलंत. त्या दिवशी तुमची दहाही बोटं उघडली होती. तेव्हा खिडकीजवळच्या रांगेतून आवाज आला, “बाई, ट्रक सहाचाकी की दहाचाकी?”

त्या मुलीने तोवर आपणहून हात वर केल्याचं मला आठवत नव्हतं. तिचे वडील वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी कामगार. तुम्ही म्हणालात, “तू ठरव.” तर ती उठून फळ्यापाशीच आली. “जागेनं मोजलं तर चुकेल. कांदा जड असतो. गाडी वर रिकामी दिसते पण वजन भरलेलं असतं.” मग पन्नास किलोची गोणी धरून दहा टनाच्या गाडीत २०० गोण्या, हा हिशेब तिने तोंडी केला आणि थप्पी कशी लावतात तेही काढून दाखवलं. माझ्या बॅचमधली मुलं तोवर ट्रकची लांबी-रुंदी गुणत बसली होती. वजनाचा विचार त्यांच्यापैकी एकालाही सुचला नव्हता. मलाही नाही.

बाई, त्या दिवशी घरी जाऊन मी ती ९ नावांची यादी पुन्हा पुन्हा वाचली. तिचं नाव त्यात नव्हतं, ते मीच ठेवलं नव्हतं.

‘अवघड पाच आधी’ मात्र मला जड गेलं. स्वाध्यायातली सगळ्यांत कठीण पाच गणितं ज्याला हवी त्याने आधी सोडवायची, चार बरोबर आली तर बाकीची माफ, तो वेळ स्वतः निवडलेल्या कामाला. ही सवलत तुम्ही अख्ख्या वर्गाला दिलीत. आमचा कायम पहिला येणारा मुलगा पहिल्याच दिवशी दोनवर अडला आणि रडला. अडणं म्हणजे काय हे त्याला माहीतच नव्हतं. तुम्ही त्याच्या बाकावर जाऊन बसलात, उत्तर सांगितलं नाहीत, फक्त “कुठपर्यंत पोचलास ते दाखव” म्हणालात. हुशार मुलाचंही आपण वेगळी बॅच काढून नुकसान करतो, हे मला तिथे उमगलं. काही पालक तक्रार घेऊन आले होते, आमच्या मुलाचा वेळ जातोय म्हणून. त्यांना मी त्याच मुलाची वही दाखवत असे.

सगळं जमलं असं नाही. चाचण्यांच्या आठवड्यात मी अजूनही जुन्या वळणावर जाते. पण वेगळी बॅच बंद आहे. कोडी आता सोमवारी पहिल्या तासाला, सगळ्यांना.

तुमच्या येण्याजाण्याचे पैसेही तुम्ही कधी घेतले नाहीत. आभार कोणत्या शब्दांत मानू?

या आठवड्याचा प्रश्न मुलांनीच काढलाय: १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली तेव्हा खाडीपलीकडच्या आपल्या गावांतली माणसं मुंबईला कशी जात असतील? गुरुवारी ती मांडणार आहेत. ठाण्याहून गाडीत बसलात की फोन करा, मी स्टेशनवर घ्यायला येते. शेवटचा बाक रिकामा ठेवलाय.

तुमची,
कोपरखैरण्याची टीचर