लॉगच्या एका ओळीचा माग काढायला शिकवणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

आमच्या कुबरनेटीस (अनेक संगणकांवर मिळून कंटेनरमधली सॉफ्टवेअर चालवणारी प्रणाली) क्लस्टरमधील लॉग, म्हणजे सॉफ्टवेअर चालताना होणाऱ्या नोंदी, एका ठिकाणी गोळा करण्याच्या कामात आपण जी मदत केली, तिच्याबद्दल मनापासून आभार मानण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. ते खुले ठेवले आहे, कारण याच कामात अडलेल्या इतरांनाही आपल्या सांगण्याचा उपयोग होईल.

प्रत्येक नोडवर, म्हणजे क्लस्टरमधल्या प्रत्येक संगणकावर, डेमनसेटद्वारे (एकच प्रोग्रॅम सर्व नोडवर चालवण्याच्या सोयीने) लॉग गोळा करणारे फ्लुएंट बिट चालत होते, ते साठवून शोधू देणारे लोकीही चालू होते, तरीही नेमक्या हव्या त्या ओळी सापडत नव्हत्या आणि मी मात्र लोकीची मेमरी वाढवत राहिले होते. आपण कॉन्फिगरेशनला हात लावण्याआधी नोडवरची एक लॉग फाइल उघडून त्यातली एकच ओळ मोठ्याने वाचायला सांगितलीत. आधी वेळ, मग स्टडआउट (प्रोग्रॅमचे नेहमीचे आउटपुट), मग ओळ पूर्ण असल्याची खूण असलेले ‘एफ’ हे अक्षर आणि शेवटी संदेश. ही सीआरआयची, म्हणजे कुबरनेटीस आणि कंटेनर चालवणारे साधन यांच्यातल्या ठरलेल्या दुव्याची, मांडणी होती. ओळीचे भाग वेगळे करणारा आमचा पार्सर मात्र अजूनही डॉकर या आमच्या आधीच्या कंटेनर साधनाच्या जेसन मांडणीची अपेक्षा करत होता. 2022 मध्ये आलेल्या कुबरनेटीसच्या 1.24 या आवृत्तीत डॉकरला जोडणारा डॉकरशिम काढून टाकला गेला, तेव्हा आम्ही कंटेनरडी या दुसऱ्या कंटेनर साधनावर आलो, पण पार्सर बदलायचा राहून गेला होता. कंटेनरडी 16 किलोबाइटपेक्षा लांब ओळ तोडून अपुऱ्या तुकड्यांवर ‘पी’ लिहितो, ते तुकडे जोडणे आणि स्टॅक ट्रेसच्या (चूक कुठे झाली ते दाखवणाऱ्या अनेक ओळींच्या यादीच्या) ओळी जोडणे ही दोन वेगळी कामे आहेत, हेही त्याच बैठकीत उमगले.

हरवणाऱ्या ओळींचे कारण याहून साधे निघाले. कुठवर वाचले याची नोंद ठेवणारी डेटाबेस फाइल आम्ही दिलीच नव्हती, त्यामुळे फ्लुएंट बिट पुन्हा सुरू झाले की फाइलीच्या शेवटापासून वाचायला लागे आणि मधला मजकूर सुटे. ती फाइल होस्टपाथवर, म्हणजे नोडच्याच डिस्कवर, ठेवायची, नाहीतर पॉडबरोबर (ज्यात कंटेनर चालतात त्या एककाबरोबर) तीही जाईल, हे आपण आवर्जून बजावलेत.

मेमरीचे कोडेही उलगडले. लोकी मजकुराची नव्हे, नोंदींना लावलेल्या लेबलांची अनुक्रमणिका करते. प्रत्येक विनंतीचा क्रमांक लेबल म्हणून दिल्यास प्रत्येक विनंतीगणिक नवा प्रवाह, म्हणजे नोंदींचा वेगळा गट, तयार होतो. तो क्रमांक आम्ही मजकुरात हलवला आणि वाढवलेली मेमरी परत कमी करता आली.

तयार फाइल पाठवून देणे आपल्याला सोपे होते. तरी आपण प्रत्येक ओळ माझ्याकडून लिहून घेतलीत, याचे ऋण मला सर्वांत मोठे वाटते. गेल्या आठवड्यात मध्यरात्री एक पॉड बंद पडला आणि सकाळी त्याचा संपूर्ण स्टॅक ट्रेस एकाच नोंदीत समोर होता. तो वाचून संपताच हे पत्र लिहायला घेतले.

आपली कृतज्ञ,
एक सहकारी