आठ तासांचे दहा कसे होतात

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, विमान आठ तासांत पोचायला हवं, मग तिकिटावर दहा तास का, असं तुम्ही विचारलंत. तुमचं गणित चुकलेलं नाही. मुंबई ते लंडन सरळ हवाई अंतर साधारण ७,२०० किमी, विमानाचा वेग ताशी ९००, भागाकार आठ. पण हा वेग हवेतला. तिकडून इकडे येताना जेट वारे (खूप उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार वारे) समोरून येतात आणि जमिनीवर मोजलेला वेग ८०० च्या आसपास उतरतो. सीटसमोरच्या पडद्यावर ‘ग्राउंड स्पीड’ दिसतो, तिथे ताडून बघा. शिवाय सरळ रेघ नकाशावरच राहते. युक्रेनचं आकाश फेब्रुवारी २०२२ पासून प्रवासी विमानांना बंद आहे. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हद्द बंद केली, तेव्हापासून तोही वळसा आला. त्यात तिकिटावरचा वेळ विमान जागेवरून हललं की सुरू होतो. धावपट्टीची रांग आणि लंडनच्या हीथ्रो विमानतळावर उतरण्याआधीच्या घिरट्या त्यातच धरतात.

तिकिटावरच्या वेळांची नुसती वजाबाकी करू नका, त्या त्या-त्या गावच्या असतात. जाताना मुंबई दुपारी १ आणि लंडन संध्याकाळी ६.३० असं असेल, तर साडेपाचात साडेचार मिळवायचे, कारण उन्हाळी वेळेत लंडन भारताच्या साडेचार तास मागे असतं: दहा तास. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं तासभर मागे जातात, म्हणून डिसेंबरात परतताना फरक साडेपाचाचा. रात्री ९.३० ला निघून दुसऱ्या दिवशी दुपारी १२ ला पोचलात तर साडेचौदातून साडेपाच वजा, नऊ तास. तेच वारे पाठीशी असतात ना!

खरा दमवणारा भाग मात्र जमिनीवरचा. पुण्याहून विमानतळ १५० किमी आणि खंडाळ्याच्या घाटात कधी काय अडकेल सांगता येत नाही, म्हणून पहाटे ५ ला निघा. तीन तास आधी पोचायचंच, कारण काउंटर उड्डाणाच्या तासभर आधी बंद होतो. गाडी घाटात होती हे कारण तिथे चालत नाही. हीथ्रोवर भारतीय पासपोर्टला ई-गेट (पासपोर्ट यंत्रानेच तपासणारं दार) नाही, अधिकाऱ्यांच्या रांगेत उभं राहावं लागतं. रांग आणि सामान मिळून दीड तास धरा. एकूण घर ते घर वीस तास.

म्हणून व्हीलचेअर सांगा, निदान ४८ तास आधी. बाबा, लाजू नका, मुद्दा पायांचा नाही, रांगेचा आहे. दिल्लीमार्गे स्वस्त पडत असलं तरी नको. एक विमान चुकलं की पुढचं सगळं कोलमडतं.

आई, तुझं इन्सुलिन पर्समध्येच ठेव, प्रिस्क्रिप्शनसकट. खालच्या सामानात ते गोठू शकतं, आणि गोठलेलं वापरता येत नाही. तो दिवस साडेचार तासांनी लांबतो, तेव्हा डोस कसा घ्यायचा ते डॉक्टरांकडून आधीच कागदावर लिहून आण. विमानात घड्याळ भारताचंच ठेव. दर दोन तासांनी उठून चालायचं, दोघांनीही. तूप आणि पेढे मात्र आणू नकोस, दुधाचे पदार्थ इथे कस्टमवाले काढून घेतात.

तुमची,
लेक