भोवरा मी कॅम्पात शिकलो

स्कारबरो, टोरंटो
१७ सप्टेंबर २०१७

प्रिय वशा,
सप्रेम नमस्कार.

मेसेज पोचला. भारत सरकारनं आमची माफी मागावी म्हणून आम्ही कॅम्पातली जुनी माणसं बसनं ओटावाला गेलो होतो, त्या फोटोतला निळ्या टोपीतला म्हातारा मीच. बॅनरवरची अक्षरं भिंग लावून वाचलीस म्हणे, आणि वर प्रश्न: कसला कॅम्प, तू तिथे कशाला गेला होतास, आणि पन्नास वर्षांत लेका एका शब्दानं बोलला कसा नाहीस? फोनवर सांगणार होतो. पण तू मध्ये मध्ये बोलतोस आणि माझा उजवा कान आता नावापुरता उरलाय. म्हणून कागद घेतला. मराठी लिहून बरीच वर्षं झाली, ऱ्हस्व-दीर्घाकडे काणाडोळा कर. जोशी मास्तर आता नाहीत, हे बरंच आहे.

तुम्ही सगळे मला दार्जिलिंगचा समजायचात. मी माकूमचा. आसामात तिनसुकियाजवळचं जंक्शन. १८३० नंतर इंग्रजांनी चहा लावायला चीनहून माणसं आणली, त्यांच्यातलाच आमचा कुणी खापरपणजोबा. त्यामुळे गावात चीनापट्टी होती, चिनी शाळा होती, आणि बाबा सॉ मिलमध्ये सुतार होते. घरात कँटोनीज, रस्त्यावर असमिया, सिनेमा हिंदी. चीन आमच्यापैकी कुणीही पाहिला नव्हता.

१९ नोव्हेंबर १९६२ ला पोलीस आले. मी नऊ वर्षांचा. चीनशी लढाई सुरू होऊन महिना होत आला होता आणि अरुणाचलातलं बोमदिला पडल्याच्या बातमीनं सगळा आसाम घाबरलेला. पोलीस तसे नीट बोलले. दोन-चार दिवसांचा प्रश्न आहे, तुमच्याच सुरक्षेसाठी, एकेक जोड कपडे घ्या. बाबांनी हत्यारांची पेटी उचलली, तर एकानं ती परत खाली ठेवायला लावली. दोन दिवसांत रंधा कशाला लागतोय? आईनं भाताच्या भांड्यावर झाकण ठेवलं आणि कडी लावून आम्ही निघालो. आधी गुरांच्या गोठ्यात, मग दिब्रुगडच्या तुरुंगात. मधल्यामध्ये २१ तारखेला लढाई थांबलीसुद्धा. आम्ही अजून गाडीतही बसलो नव्हतो.

गाडी आठवडाभर चालत होती. मोठं स्टेशन टाळून कुठेतरी आडरानात थांबायची, तिथे भात शिजवायचे, तो शिजायच्या आत निघायची. तांदूळ दाताखाली करकरायचा. एका स्टेशनवर मात्र लोकांना आधीच कळलेलं. ‘चिनी वापस जाओ’ची घोषणा, दगड, चपला. आईनं खिडकीची झडप ओढली. मी फटीला डोळा लावला होता, कारण मला ते चिनी बघायचे होते. पेपरात एवढं येत होतं त्यांच्याविषयी! आजीनं मानगूट धरून मागे ओढलं तेव्हा मी रडलो, ते दगडाला घाबरून नव्हे.

उतरवलं देवलीला. नाशिकजवळचं देवळाली नाही बरं का, राजस्थानातलं, टोंक जिल्ह्यातलं. इंग्रजांच्या काळापासूनचा कैद्यांचा कॅम्प. तारेची कुंपणं, लांबलचक बराकी, मध्ये उघडी रेती. आसामच्या दमट हवेतल्या माणसांना तिथली थंडी पहिल्याच रात्री कळली. आसाम, मेघालयाचे डोंगर, दार्जिलिंग, जिकडून तिकडून आणलेले मिळून सुमारे तीन हजार जण. तान्ही बाळंसुद्धा. प्रत्येकाला नंबर. माझा मला अजून पाठ आहे, पण तो तुला सांगणार नाही. तू त्याचं लॉटरीचं तिकीट काढशील.

आता तुला चमत्कारिक वाटेल ते सांगतो. मला मजा आली. शाळा नाही, गृहपाठ नाही, शेकड्यानं पोरं आणि पळायला एवढी मोकळी जागा. धुळीचं वादळ यायचं तेव्हा मोठी माणसं दारं लावत आणि आम्ही पोरं डोळे मिटून त्यात उभी राहायचो, शेवटी कोण उरतो ते बघायला. हे मी ओटावाच्या बसमध्ये एकदा बोललो, तर पलीकडच्या बाईंनी तोंड फिरवलं. त्यांचं बाळ तिथे गेलं होतं. तेव्हापासून जपून बोलतो. पण तुझ्याशी काय जपायचं?

बाबा मात्र पहिले काही महिने नुसते बसून असत. सुताराच्या हाताला काम नसलं की तो हात बघवत नाही. सारखा गुडघ्यावरून फिरायचा, पोत बघितल्यासारखा. मग त्यांना मोडक्या खाटेची लोखंडी पट्टी सापडली. ती त्यांनी पाण्याच्या हौदाच्या कडेला घासायला घेतली. थुंकी लावून, एकाच कोनात, बोटाची दोन पेरं धारेवर टेकवून. रोज थोडी. कातडं सोलायचं, चिंधी बांधायचे, परत बसायचे. असं करत पटाशी झाली. कॅम्पात धारदार वस्तू ठेवायला बंदी होती. पहाऱ्यावरच्या हवालदारानं पाहिलं, काही बोलला नाही. चार दिवसांनी फळ्या घेऊन आला आणि म्हणाला, मिस्त्री, एक स्टूल कर दो. त्या पटाशीनं बाबांनी खिळा न ठोकता स्टूल उभं केलं, सगळे सांधे खाचेचे. मग कारकुनांचीही कामं यायला लागली. उरलेल्या बाभळीच्या गाठीतून त्यांनी मला भोवरा करून दिला. आरीच्या जागी खिळा, जाळी सुतळीची. मुंबईत घोडपदेवच्या वाडीत मी तुम्हा सगळ्यांचे भोवरे फोडायचो ना, ते हे शिक्षण. तू विचारलं होतंस कुठे शिकलास, तर मी दार्जिलिंग म्हणालो होतो.

गृहमंत्री असताना लालबहादूर शास्त्री कॅम्पात येऊन गेले. आम्हाला रांगेत उभं केलं होतं. मला फक्त त्यांचं धोतर आणि उंची आठवते. आमच्या आजीएवढे होते. मोठ्यांपुढे खरा प्रश्न एकच होता: चीनला जायचं की राहायचं? १९६३ साली चीनची जहाजं मद्रासला आली, तीन फेऱ्या झाल्या, दोन हजारांवर माणसं गेली. बराकीच्या बराकी रिकाम्या. मोठे काका गेले. माझ्याबरोबर वादळात उभा राहणारा पोरगाही गेला. जाताना त्यानं माझा दुसरा भोवरा नेला आणि मी त्याची चाकू लपवायची जागा घेतली. बाबा नाही म्हणाले. ‘घर माकूमला आहे, पेटी तिथे आहे, मी चीनला जाऊन काय करू?’ हा त्यांचा सगळा युक्तिवाद. आजी दुसऱ्या उन्हाळ्यात गेली, लूमध्ये. तिथेच पुरली.

१९६६ ला आमची सुटका झाली. सुटका म्हणजे काय, तर माकूमचं घर शत्रूची मालमत्ता म्हणून लिलावात गेलेलं आणि पेटीचा पत्ता नाही. माझगावला गोदीत काम केलेले एक लांबचे नातेवाईक होते, त्यांच्या आधारानं मुंबई. मला पालिकेच्या मराठी शाळेत घातलं, कारण ती फुकट होती आणि जिन्याखाली होती. तेरा वर्षांचा घोडा पाचवीत. तू पहिल्याच दिवशी विचारलंस, नापास का? मी हो म्हणून टाकलं. सोपं उत्तर होतं.

प्रतापगडची सहल आठवते? मी आलो नाही म्हणून तू आठवडाभर अबोला धरलास. आम्हाला शहराबाहेर जायला परवानगी लागायची, रे. बाबा वर्षातून एकदा इस्त्रीचा शर्ट घालून कचेरीत जात, परदेशी म्हणून शिक्का मारून घेत. माकूममध्ये जन्मलेला माणूस.

आणि तुझे अण्णा. गिरणीतून आले की ओट्यावर बसून लाल बावट्याच्या गोष्टी. एका संध्याकाळी सांगत होते, ‘डांगे, रणदिवे देवलीच्या कॅम्पात होते, एकेचाळीस साली उपास केला, जयप्रकाशही होते.’ बाबा आमच्या दारात विडी ओढत बसलेले. देवली शब्द आला आणि त्यांची विडी हातातच विझली. अण्णांनी विचारलं, ‘काय मिस्त्री, ऐकलंय का नाव?’ बाबा म्हणाले, ‘हो, तिथे हवा चांगली आहे.’ आणि आत गेले. नंतर आईवर चिडले, का ते तिलाही कळलं नाही. त्या दिवशी मी समजलो की हा विषय वाडीत काढायचा नाही. तुझ्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे.

माझा मुलगा विचारतो, आता माफी मिळून काय होणार? मी त्याच्याशी वाद घालत नाही. युद्धात माणसांची डोकी फिरतात, हे मला समजतं. दगड मारणाऱ्यांवरही माझा फारसा राग नाही. पण लढाई महिनाभराची, आणि कॅम्पातली शेवटची माणसं सुटली १९६७ ला. एवढी वर्षं कुणाचं डोकं फिरलेलं राहत नाही. तो फायलींचा आळस. कुणीतरी टेबलावर बसून आमचा कागद उद्यावर ढकलत होता, आणि त्या उद्यांमध्ये आजी संपली. त्या माणसाचं नाव मला कळणार नाही, म्हणून सरकारचं घेतो. बाबा असते तर ओटावाला आले नसते. ते म्हणाले असते, माफी ठेवा, पेटी द्या. एक रंधा, दोन करवती, गिरमीट, वाकस, सात पटाश्या, कानस. मरेपर्यंत त्यांना यादी क्रमानं पाठ होती.

आता कामाचं. जानेवारीत मी येतोय. देवलीला जायचं आहे. कॅम्पाच्या जागेवर आता सीआयएसएफचं, म्हणजे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचं, प्रशिक्षण केंद्र आहे, त्यामुळे असंच आत सोडणार नाहीत. तुझ्या धाकट्या मेव्हण्याचा जावई त्याच खात्यात आहे असं तू मागे म्हणाला होतास. त्याला विचार, अर्ज कुणाच्या नावानं करायचा, आणि परदेशी पासपोर्टवाल्याला किती आधी करावा लागतो. कोट्यापर्यंत रेल्वे, पुढे गाडी करू. तू येणार असशील तर खालचा बर्थ मला, गुडघे गेलेत. आणि येतोस का ते वहिनींना विचारून सांग, परस्पर हो म्हणू नकोस, मागच्या वेळी मला बोलणी खावी लागली.

चंदूला आणि बारक्याला हे पत्र वाचून दाखवलंस तरी हरकत नाही. वहिनींना नमस्कार, नातवाला आशीर्वाद.

तुझा,
मिंग्या