कॅथेटर पुन्हा वापरा, पण बिलात दाखवा

हृदयाचे ठोके बिघडल्यावर होणाऱ्या अ‍ॅब्लेशनमध्ये (म्हणजे ठोके बिघडवणारा हृदयातला बारीकसा भाग निकामी करण्याच्या उपचारात) हृदयाच्या आतून सोनोग्राफी दाखवणारा कॅथेटर, म्हणजे बारीक नळी, वापरतात. तो महाग असतो आणि वेष्टनावर ‘एकदाच वापरण्यासाठी’ असे छापलेले असते. निर्जंतुक करून तो पुन्हा वापरणे म्हणजे फसवणूकच, हा समज मला पटत नाही. अमेरिकेत हे काम करणाऱ्या कंपन्यांना तिथले औषध प्रशासन मूळ उत्पादकाचेच नियम लावते. उलट, असे पुनर्वापराचे कॅथेटर घेणाऱ्या रुग्णालयांना आपल्या यंत्रासाठी तंत्रज्ञ न देणाऱ्या बायोसेन्स वेबस्टर या मूळ उत्पादक कंपनीविरुद्ध मे २०२५ मध्ये कॅलिफोर्नियातील ज्यूरीने निकाल दिला. भरपाई १४ कोटी ७० लाख डॉलर, आणि कायद्याने ती तिप्पट!

आपल्याकडचे दुखणे वेगळे. पुनर्वापर हे उघड गुपित आहे. पण कॅथेटर कितव्यांदा वापरला, कुणी साफ केला, हे रुग्णाला कोण सांगतो? रक्ताचा अंश आधी नीट निघाला नसेल, तर निर्जंतुक करणाऱ्या इथिलीन ऑक्साइड वायूचाही भरवसा नाही. वर पैसे नव्याचे लावले तर बोलायलाच नको. २०१७ मध्ये सरकारने स्टेंटच्या किमती बांधल्या. इथे निदान संमतिपत्रात आणि बिलात ‘पुनर्वापर’ असा स्पष्ट उल्लेख सक्तीचा करावा.

– एक वाचक, पुणे