प्रश्न विचारूनच दिलेला होकार

नाताळच्या पुरवणीतील येशूची आई मरिया आणि तिचा पती योसेफ यांच्यावरचा लेख वाचला. दोघांनी काहीही न विचारता देवाची आज्ञा मानली, हे त्यातले म्हणणे एक कॅथलिक म्हणून मला पटले नाही.

लूकच्या शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधील येशूच्या चार चरित्रांपैकी एकात, कुमारी असूनही तुला मुलगा होईल असे सांगणाऱ्या देवदूताला मरिया आधी विचारते, हे होणार कसे? उत्तर ऐकल्यावर मग ती स्वतःला प्रभूची दासी म्हणवून होकार देते. वाङ्‌निश्चय झालेल्या, पण अजून नांदायला न गेलेल्या मुलीने गर्भवती असणे किती धोक्याचे होते, हे यहुदी नियमशास्त्रातील दगडमाराच्या शिक्षेवरून कळते.

योसेफाच्या तोंडी तर चारही शुभवर्तमानांत एक वाक्य नाही. पण दुसरा शुभवर्तमानकार मत्तय त्याची घालमेल सांगतो. मरियेची बदनामी नको म्हणून तो गुपचूप बाजूला व्हायचे ठरवतो. स्वप्नातील निरोपानंतर तिला घरी आणतो. राजा हेरोद बाळाच्या जिवावर उठला आहे हे समजताच रातोरात मायलेकरांना घेऊन इजिप्तकडे निघतो. परततानाही यहुदियात हेरोदाचाच मुलगा राज्य करतो हे ऐकून तिथे जायला धजत नाही आणि गालीलात जाऊन राहतो. हा माणूस भितो, विचार करतो आणि तरीही विश्वास ठेवतो.

सप्टेंबरमध्ये वांद्र्यातील मरियेच्या चर्चच्या, म्हणजे माउंट मेरीच्या जत्रेत मेणाची घरे, मेणाचे हातपाय वाहणाऱ्या सर्वधर्मीय मुंबईकरांनाही ही मरिया कळायला हवी. १९ मार्चला संत योसेफाचा सण असतो. त्या निमित्ताने आपण योसेफावर सविस्तर लेख छापावा, ही विनंती.

— एक वाचक, वांद्रे, मुंबई