नियम अपघाताआधी हवेत

महोदय,

१९१२ साली टायटॅनिक बुडत होती, तेव्हा जवळच असलेल्या कॅलिफोर्नियन जहाजाचा एकमेव वायरलेस ऑपरेटर दिवसभराचं काम आटोपून, कानावरचे हेडफोन उतरवून झोपी गेला होता. मदतीची हाक त्याच्यापर्यंत पोहोचलीच नाही. चोवीस तास रेडिओवर कान ठेवण्याचा नियम १९१४च्या आंतरराष्ट्रीय करारात आला. सुमारे १,५०० माणसं गेल्यावर!

आता टॉवर नसलेल्या ठिकाणीही मोबाइल थेट उपग्रहाशी जोडले जाऊ लागले आहेत. कंपन्यांना त्यात नवी बाजारपेठ दिसते, ते ठीकच. पण संकटातला कॉल कुणी घ्यायचा, ऐन युद्धात सेवा बंद करण्याचा अधिकार कुणाचा, हे परवाना देतानाच सरकारांनी लिहून घ्यावं. कंपनीच्या मर्जीवर सोडू नये, ही कळकळीची विनंती.

— एक वाचक